एलियन (१९७९) पुन्हा पाहिला : भीती नेमकी कशाची वाटते?

रात्रपाळी

(रसभंगाचा इशारा : शेवटासकट सगळं लिहिलंय. पाहायचा असेल तर आधी पाहा, मग या.)

काल रात्री रिडली स्कॉटचा 'एलियन' पुन्हा पाहिला. कितव्यांदा, ते मोजणं कधीच सोडलं. कोण कधी मरणार, कुठल्या दारामागे काय आहे, सगळं पाठ. तरीही निम्मा सिनेमा व्हायच्या आत मी पाय वर घेऊन बसले होते. गोष्ट पाठ असताना भीती वाटते ती कशाची, हा प्रश्न रात्रभर डोक्यात होता, म्हणून हा धागा.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'नोस्ट्रोमो' हे माल ओढून नेणारं यान. मागे खनिज शुद्ध करायचा आख्खा कारखाना आणि दोन कोटी टन खनिज. यानावर सात माणसं आणि जोन्स नावाचं मांजर, सगळे दीर्घ निद्रेत. पृथ्वी अजून दहा महिने दूर असताना यानाचा संगणक त्यांना उठवतो. त्या संगणकाला सगळे 'मदर' म्हणतात. एका ओसाड जागेवरून कसला तरी संदेश येतोय, तो तपासायला उतरायचंय. उतरतात. केन एका अंड्यावर वाकून बघतो आणि त्याच्या तोंडाला काहीतरी चिकटतं. पुढे त्याच्या छातीतून एक प्राणी बाहेर पडतो आणि यानात मोकाट सुटतो. बाकीचं माहीत आहेच.

माझं मत असं की त्या प्राण्याला आपण घाबरतच नाही. ११७ मिनिटांत तो दिसतो किती? जेमतेम काही मिनिटं, तीही तुकड्यातुकड्यांत : एक जबडा, एक हात, लांबट चकाकणारं डोकं. भीती वाटते ती यानाची. सुरुवातीची काही मिनिटं आठवा. एक शब्द नाही, माणूस नाही. कॅमेरा रिकाम्या बोळांतून फिरतो, कुठेतरी कागद फडफडतो, मग एकदम पडदे उजळतात आणि समोरच्या रिकाम्या शिरस्त्राणाच्या काचेत आकडे धावायला लागतात. यान जागं झालंय, माणसं अजून झोपलेली आहेत. मला तिथेच पहिल्यांदा धस्स होतं. या घराचा मालक दुसराच कोणी आहे आणि आत झोपलेल्यांना त्याचा पत्ता नाही, असं वाटत राहतं.

तुम्हाला कशाची वाटते? आणि वाटतच नसेल तर तेही सांगा, का वाटत नाही ते.

काजवा

मी पाहिलेला नाही. इशारा वाचूनही सगळं वाचून काढलं. मला रक्त बघवत नाही, पण तुम्ही लिहिलेली ती सुरुवात बघावीशी वाटतेय. पाहू का?

तिसरी_रांग

काजवा, पाहा. रक्ताचा खरा मारा जेवणाच्या टेबलाच्या प्रसंगात आहे. केन घास घेता घेता खोकायला लागला की डोळे मिटा, मिनिटभराने उघडा.

त्या प्रसंगाचं चित्रीकरणही सांगण्यासारखं आहे. छातीतून काहीतरी बाहेर येणार हे नटांना माहीत होतं, पण रक्त किती उडणार हे त्यांना सांगितलं नव्हतं. व्हेरॉनिका कार्टराइटच्या तोंडावर ते उडतं तेव्हा ती जी मागे कोलमडते आणि किंचाळते, तो अभिनय नाही.

रात्रपाळी, यानाबद्दल पूर्ण सहमत. इंग्लंडमधल्या शेपर्टन स्टुडिओत १९७८ साली हे सगळं उभं केलं. एकेक मजला जवळजवळ सलग बांधला होता, खोल्या बोळांनी एकमेकींना जोडलेल्या. नटांना एका खोलीतून दुसरीत खरोखर चालत जावं लागायचं. वर छत, बाजूला भंगारातल्या विमानांचे सुटे भाग. त्यामुळे कॅमेऱ्यालाच जागा कमी पडते आणि ती कोंडी आपल्यापर्यंत पोचते.

एक मात्र जोडतो. प्राण्याला श्रेय द्याच. एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराने त्याला डोळे ठेवले नाहीत. आपण समोरच्याचे डोळे बघून त्याचा इरादा ओळखतो. इथे तो आपल्याकडे बघतोय की नाही हेसुद्धा कळत नाही. पोशाखाच्या आत होता बोलाजी बडेजो, नायजेरियाचा, लंडनमध्ये कला शिकणारा, जवळजवळ सात फूट उंच आणि काटकुळा. त्याचा हा एकच सिनेमा. त्याच्या हातापायांची ती संथ, लांबलचक हालचाल काढून टाकली तर उरतो रबरी पोशाख.

सरळसोट

मला अजिबात भीती वाटली नाही, मला राग आला. धागाकर्तीने विचारलंय म्हणून कारण देतो.

अनोळखी ग्रह, अनोळखी अंडं, ते उघडतंय, आणि हा माणूस त्यात तोंड घालतो. तोंडाला प्राणी चिकटलेल्या माणसाला हे आत घेतात. मग प्राणी मोकाट सुटलाय हे माहीत असताना ब्रेट एकटा मांजर शोधायला जातो. यानावरची अधिकारी रिप्ली दारातच सांगते की आत घेता येणार नाही, चोवीस तास थांबावं लागेल. तिचं ऐकलं असतं तर सिनेमा अर्ध्या तासात संपला असता. माणसं मूर्खासारखी वागली की मी त्यांच्यासाठी घाबरू शकत नाही. चित्रीकरण कितीही चांगलं असो.

जुना_खलाशी

सरळसोट, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण मी मालवाहू जहाजांवर पंचवीस वर्षं इंजिन रूममध्ये काढली आहेत आणि मला ही माणसं मूर्ख वाटत नाहीत. ओळखीची वाटतात.

पार्कर आणि ब्रेट आठवा. यानाच्या पोटात काम करणारे दोघे. उठल्या उठल्या त्यांचा पहिला विषय काय? बोनस. वरच्या मजल्यावरच्यांना पूर्ण हिस्सा, आम्हाला अर्धा का? ही कुरकुर मी प्रत्येक जहाजावर ऐकली आहे, स्वतः केली आहे. ते नवे ग्रह शोधायला निघालेले वीर नाहीत, करार संपवून घरी निघालेली माणसं आहेत. संदेश तपासायला ते कुतूहलापोटी उतरत नाहीत. करारात कलम आहे, नाही गेलात तर पैसे बुडाले. खऱ्या समुद्रावर संकटातल्या माणसांना मदत करणं कप्तानावर बंधनकारक असतं, 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारात तसं स्पष्ट आहे. तिथे नियमामागे माणसाचा जीव असतो. सिनेमात तोच नियम कंपनीने स्वतःच्या फायद्यासाठी वाकवलेला आहे. आणि तो संदेश मदतीची हाक नसून धोक्याचा इशारा असावा, हे रिप्लीला कळतं तेव्हा माणसं निघून गेलेली असतात.

आता त्या दाराबद्दल. विलगीकरणाचा नियम जहाजांइतका जुना आहे. क्वारंटीन हा शब्दच व्हेनिसच्या बंदरातून आला, जहाजं चाळीस दिवस बाहेर ताटकळत ठेवायचे त्यावरून. आजही बंदरात शिरताना पिवळं निशाण लावून 'जहाजावर आजार नाही, आत येऊ द्या' अशी परवानगी मागायची पद्धत आहे. म्हणून रिप्ली 'नाही' म्हणते तो माझ्यासाठी सिनेमातला सगळ्यात अवघड क्षण आहे. दारापलीकडे तिचा कप्तान उभा आहे, हातात मरणारा सहकारी, आणि ती नियम सांगते. तिच्या जागी मी दार उघडलं असतं. उघडणं चूक आहे हे कळूनही उघडलं असतं. तुम्ही त्याला मूर्खपणा म्हणता, मला तिथेच घाम फुटतो.

राहिला रात्रपाळी यांचा प्रश्न. मला भीती शांततेची वाटते. जहाजावर चोवीस तास घरघर चालू असते, काही दिवसांनी ती ऐकू येईनाशी होते. एकदा मध्यरात्री आमचा जनरेटर बंद पडला. दिवे गेले, पंखे थांबले, आणि गाढ झोपलेली सगळी माणसं एकाच क्षणी जागी झाली. कोणाला कोणी उठवलं नव्हतं. आवाज थांबला म्हणून उठले. बोळात उभे राहून आम्ही एकमेकांच्या श्वासाचा आवाज ऐकत होतो. 'एलियन'मध्ये यानाचा आवाज बदलला की माझ्या मानेवर काटा येतो तो त्या रात्रीमुळे.

रात्रपाळी

खलाशीकाका, हा प्रतिसाद दोनदा वाचला. ब्रेट मरतो तो प्रसंग आता वेगळा वाटायला लागला. साखळ्या किणकिणतायत, वरून पाणी ठिबकतंय, तो टोपी काढून तोंडावर पाणी घेतो. संगीत जवळजवळ नाहीच. नुसतं यान वाजतंय.

तरंगलांबी

खलाशीकाकांच्या शांततेला भौतिकशास्त्राची जोड देतो.

बाहेर निर्वात आहे, ध्वनीला वाहून न्यायला माध्यमच नाही, म्हणून अवकाशात किंकाळी ऐकू जात नाही हे सगळे सांगतात. मला यानाच्या आतली बाजू जास्त भयंकर वाटते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पंखे कायम चालू ठेवावे लागतात. वजनरहित अवस्थेत गरम हवा आपणहून वर जात नाही, म्हणजे हवा खेळती राहत नाही. पंखा बंद पडला तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्यानेच सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा ढग साचायला लागतो. घरात आपण शांतता मिळावी म्हणून दार लावतो. तिथे शांतता झाली तर उठून कारण शोधायचं असतं. नोस्ट्रोमोवर कृत्रिम गुरुत्वाकर्षण दाखवलंय, त्यामुळे हे तंतोतंत लागू नाही, पण यंत्राच्या आवाजावर जीव टांगलेला असणं तेच.

आणि निर्वाताबद्दल एक खरी घटना. १९६६ साली ह्यूस्टनला नासाच्या निर्वात कक्षात अंतराळ पोशाखाची चाचणी चालू होती. एका तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी निसटली आणि आतला दाब गेला. साधारण चौदा सेकंदांत त्याची शुद्ध हरपली. लगेच कक्षात हवा सोडली, तो वाचला. शेवटचं काय आठवतं, तर जिभेवरची लाळ उकळायला लागल्याची जाणीव. दाब इतका कमी झाला की शरीराच्या तापमानालाही पाणी उकळतं. माणूस फुटत नाही, गोठून काचेसारखा तडकतही नाही, सिनेमे काहीही दाखवोत. पंधरा सेकंद भान असतं आणि त्या वेळात आपल्याला सगळं कळत असतं. हे वाचल्यापासून मला कुठल्याही अंतराळपटातला एअरलॉकचा दरवाजा बघवत नाही.

घुबड

यानाचीच भीती म्हणत असाल तर 'इव्हेंट होरायझन' (१९९७) का नाही कोणी काढला? तिथे तर यानच राक्षस आहे. हरवलेलं यान २०४७ साली नेपच्यूनजवळ परत सापडतं, बचाव पथक जातं, आणि यान जिथे जाऊन आलं तिथलं काहीतरी घेऊन आलेलं असतं. यानाचा आराखडा नोत्र दामच्या चर्चवरून घेतला होता, लांबून क्रुसासारखं दिसतं. बोळाच्या टोकाला तो फिरणारा गाभा. सॅम नील कागदाला भोक पाडून अवकाशातली दोन टोकं कशी जोडायची ते समजावतो, तो प्रसंग मला अजून आवडतो. मला 'एलियन'पेक्षा हा जास्त लागला. प्राणी मारता येतो, बाहेर फेकता येतो. इथे यान ज्याचा त्याचा अपराध समोर उभा करतं, त्याला कुठे फेकणार?

तिसरी_रांग

घुबड, पहिले चाळीस मिनिटं मी तुमच्या बाजूने आहे. ते रिकामं यान, तो अर्धवट ऐकू येणारा लॅटिन संदेश, झकास. पण नंतर तो सगळं दाखवायला लागतो आणि दाखवलं की माझी भीती कमी होते. अर्थात त्याचा मूळ संकलित पट सव्वादोन तासांच्या आसपास होता, स्टुडिओने कापून दीड तासाच्या जरासा वर आणला, आणि कापलेला बराचसा भाग नंतर नीट सापडलाच नाही. त्यामुळे दिग्दर्शक पॉल अँडरसनला पूर्ण दोष देणं मला जड जातं.

घुबड

कापलेल्या भागाचं दुःख मलाही आहे. पण दाखवण्यावर आपलं जमणार नाही. मला ते क्षणभर चमकून जाणारं दृश्य दिवसभर पुरलं होतं.

अळीमिळी

मी कीटकांवर काम करते, त्यामुळे माझं उत्तर शरीराचं आहे.

अंडं दुसऱ्याच्या अंगात घालणं, आतून खाऊन बाहेर पडणं, हे कोणी कल्पनेने रचलेलं नाही. परजीवी गांधीलमाश्यांच्या हजारो जाती हेच करतात. एक हिरवीगार चकाकणारी माशी आहे, ती झुरळाला दोनदा नांगी मारते, दुसऱ्यांदा थेट मेंदूत. झुरळ मरत नाही, लुळंही पडत नाही, फक्त स्वतःहून पळायची इच्छा संपते. मग माशी त्याची मिशी धरून त्याला बिळात चालवत नेते आणि पायावर अंडं घालते. अळी त्याला जिवंत ठेवून खाते. इक्न्यूमन कुळातल्या अशाच माश्यांकडे बघून डार्विनने १८६० साली एका पत्रात लिहिलं होतं की दयाळू देवाने हे मुद्दाम निर्माण केलं असेल हे मला पटवून घेता येत नाही.

म्हणून मला छातीतून बाहेर येण्यापेक्षा त्याच्या आधीचं दृश्य जास्त छळतं. केन शुद्धीवर आलाय, हसतोय, भूक लागलीय म्हणतोय. त्याला बरं वाटतंय. आपल्याला माहीत आहे.

एक तक्रार मात्र आहे. बाहेर पडला तेव्हा हाताच्या कोपरापर्यंत लांब असलेला प्राणी काही तासांत माणसापेक्षा उंच होतो. कात टाकतो, हे बरोबर दाखवलंय. पण वजन आणलं कुठून? काही खाल्ल्याशिवाय वस्तुमान वाढत नाही. ब्रेटला ती कात सापडते तेव्हा दरवेळी मी मनात हिशेब करत बसते आणि तेवढ्यात तो मागे उतरलेला असतो.

सरळसोट

अळीमिळी, वजनाच्या हिशेबाला +१. आणि रक्ताच्या जागी ॲसिड, हे तर निव्वळ सोयीसाठी, नाही का?

तिसरी_रांग

सोयीसाठीच, आणि फार हुशारीने. 'गोळी घालून मोकळे का होत नाहीत' या प्रश्नाचं ते उत्तर आहे. यानाचं आतलं रूप रेखाटणाऱ्या रॉन कॉबने ती कल्पना सुचवली. एक थेंब सांडला तर मजल्यामागून मजला वितळत खाली जातो, माणसं एकेक जिना उतरत छताकडे बघत धावतात. त्याला मारलं तर यान जाणार. आपल्याला वाचवणारा पत्रा आणि त्याला वाचवणारा पत्रा एकच.

आणि सरळसोट, तुमच्या रागाचं उत्तर सिनेमातच आहे. दार उघडलं कोणी?

सरळसोट

ॲशने.

तिसरी_रांग

आणि का?

सरळसोट

मान्य. तो यंत्रमानव आहे आणि त्याला कंपनीची आज्ञा आहे. प्राणी आणा, बाकी सगळं दुय्यम, माणसं गेली तरी चालतील. रिप्ली मदरच्या खोलीत बसून ते वाचते. म्हणजे दार मूर्खपणाने उघडलंच नव्हतं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिथपर्यंत चिडून बसलो होतो, त्यामुळे मागचं जोडलं नाही. पुन्हा बघतो. मांजराबद्दलचं मत बदललेलं नाही.

जुना_खलाशी

मांजराबद्दल मी भांडेन. एकट्या माणसाला जहाजावर एक जीव सोबतीला लागतो. रिप्ली शेवटी परत जाऊन त्याला आणते ते मला शंभर टक्के पटतं.

तरंगलांबी

जरा विषयांतर : जेम्स कॅमेरॉनचा १९८६ चा दुसरा भाग कोणाला कसा वाटतो? मला तो जास्त वेळा बघावासा वाटतो.

घुबड

तो युद्धपट आहे, उत्तम आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे गाडी रुळावरून उतरेल.

रात्रपाळी

काढा, मी येईन. सरळसोट, पुन्हा पाहिलात तर नक्की लिहा. मला ती आज्ञा वाचण्याचा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. खोली किती सुंदर आहे बघा. पांढरी, गोल, सगळीकडे लुकलुकणारे दिवे, यानातली सगळ्यात स्वच्छ आणि उबदार जागा. देवघरात शिरल्यासारखी ती आत जाते आणि तिथे तिला कळतं की या सगळ्यात आपली किंमत शून्य आहे.

काजवा

पाहिला! दिवसा, पडदे उघडे ठेवून, एकटीने. तिसरी_रांग यांनी सांगितल्याप्रमाणे डोळे मिटले, पण आवाज ऐकू आलाच, पुढच्या वेळी कान झाकेन.

माझं उत्तर तुम्हा सगळ्यांपेक्षा वेगळं आलंय. शेवटी रिप्ली यान उडवायची यंत्रणा चालू करते, मग पळायच्या वाटेवर तो प्राणी दिसतो, म्हणून ती परत येऊन सगळं उलटं फिरवते. घाम गाळून, जीव तोडून एकेक दांडा जागेवर बसवते. उशीर झालेला असतो काही क्षणांचा. मदरचा आवाज त्याच शांत सुरात उरलेली मिनिटं सांगत राहतो. रिप्ली ओरडून सांगते की मी बंद केलंय, ऐक ना, मदर! ती आकडे मोजत राहते. प्राण्याने मला घाबरवलं, पण रडू तिथे आलं. रिप्ली तिला जी शिवी हासडते ती मीही मोठ्याने दिली.

मांजर वाचलं. सरळसोट यांनी काही म्हणो, मला त्यासाठी परत बघायचाय.

जुना_खलाशी

काजवा, शाब्बास. आता रात्री बघ, दिवे बंद करून. सुरुवातीला मध्येच एकदा आवाज पूर्ण बंद कर, आणि यान जागं होतं तेव्हा पुन्हा चालू कर.

काजवा

काका, आज नाही. शनिवारी.